शेवटची टाकी कधी धुतली होती?

दुसरी टीम उभी राहिली आणि आमचे मंगळवार-बुधवार मोकळे पडू लागले. आम्ही पाण्याच्या टाक्या धुतो, गच्चीवरच्या आणि जमिनीखालच्याही. दादा माणसं घेऊन कामावर जातो, मी ऑफिस, हिशेब आणि फोन सांभाळते. एका टीमपुरतं काम ओळखीपाळखीतून येत होतं. पण ओळखीचं काम आपल्या सोयीने येत नाही. राहत्या इमारतींना बहुतेक रविवारच हवा असतो, कारण सेक्रेटरी त्या दिवशी घरी असतात आणि स्वतः उभं राहून काम बघता येतं. मधल्या वारी टाकी रिकामी करून चालेल अशी गिऱ्हाइकं म्हणजे वसतिगृहं, दुपारी बंद असणारे दवाखाने, आठवड्याच्या मध्ये सुट्टी असणारे छोटे कारखाने. त्यांच्यात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. तेव्हा अनोळखी लोकांना फोन करून काम मिळवायचं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं.

कोल्ड कॉलिंगवर सल्ला भरपूर मिळतो, पण त्यातला बराचसा कॉल सेंटरसारख्या व्यवस्थेसाठी असतो. तिथे खूप माणसं दिवसभर फोन लावत बसतात, एक नंबर वाया गेला तर दुसरा तयार असतो. छोट्या सेवा-व्यवसायाचं तसं नसतं. आपल्या टप्प्यात येणाऱ्या इमारती मोजक्या असतात. आज ज्याला वैताग दिला, त्याच्याकडेच पुढच्या वर्षी काम मागायला जायचं असतं. हा फरक डोक्यात पक्का असला की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुचतात.

सुरुवात नियम वाचण्यापासून केली. अमेरिकेत २००३ पासून नको असलेले फोन थांबवण्याची राष्ट्रीय नोंदवही आहे, ब्रिटनमध्ये टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस आहे, भारतात ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेचे, २०१८ चे नियम आहेत आणि १९०९ या क्रमांकावर नोंद करून कुणीही जाहिरातीचे फोन बंद करू शकतं. तपशील देशागणिक बदलतो, पण धंद्यासाठी फोन करणाऱ्याने आधी नियम पाळायचे आणि ज्याने नको म्हटलंय त्याला त्रास द्यायचा नाही, हे सगळीकडे सारखंच. आवश्यक ती नोंदणी आधी पुरी केली. वहीच्या शेवटच्या पानांवर ‘फोन करायचा नाही’ अशी वेगळी यादी सुरू केली. कुणी ‘पुन्हा फोन करू नका’ म्हटलं की त्याच क्षणी तो नंबर त्या यादीत जातो आणि मी तसं त्यांना फोनवरच सांगते. हा नुसता सभ्यतेचा भाग नाही. एखाद्या नंबरवर बऱ्याच लोकांनी ‘स्पॅम’चा शिक्का मारला की पुढे तो नंबर जुनं गिऱ्हाईकसुद्धा उचलायला कचरतं.

मग यादी. विकत मिळणाऱ्या याद्या मी चाळून पाहिल्या. त्यात बंद पडलेले नंबर, दुसऱ्याच शहरातली दुकानं आणि कधीच टाकी नसलेली कार्यालयं एकत्र होती. आमची खरी यादी गच्चीवर तयार झाली. टीम एखाद्या इमारतीच्या गच्चीवर काम करत असते तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या तिला दिसतात. कुठल्या इमारतीवर किती टाक्या आहेत, शिडी आहे की नाही, कुठल्या टाकीचं झाकण उडालंय, कुठे ओव्हरफ्लोच्या पाइपखाली हिरवा ओघळ धरलाय. मी दादाला म्हटलं, “तू खाली उतरायच्या आधी पाच मिनिटं चारी बाजूंना बघ आणि मला लिहून दे.” त्याने मुलांना ती सवय लावली. संध्याकाळी कामाच्या कागदामागे बॉलपेनने लिहिलेलं यायचं: ‘उजवीकडची पिवळी बिल्डिंग, सहा टाक्या, एकाला झाकण नाही, दगड ठेवलाय.’ मी त्या इमारतीचं नाव शोधायचे, प्रवेशद्वारावरच्या पाटीवरचा किंवा कार्यालयाचा जाहीर नंबर मिळवायचे. अशा नंबरांची यादी वाढायला वेळ लागतो. पण त्यातल्या प्रत्येक नंबरामागे टाकी आहे याची खात्री असते, आणि फोन करायला खरं कारणही असतं.

कारणाचं महत्त्व किती, यावर १९७८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी ग्रंथालयातल्या झेरॉक्स मशीनपाशी ‘मला आधी कॉपी काढू द्याल का?’ असं लोकांना विचारायला लावलं. पाचच पानं असतील तर नुसत्या विनंतीला ६० टक्के लोक हो म्हणाले. ‘कारण मला कॉपी काढायच्यात’ असं काहीही अर्थ नसलेलं कारण जोडलं तरी होकार ९३ टक्क्यांवर गेला. एवढाच भाग सगळीकडे सांगितला जातो आणि त्यावरून ‘काहीतरी कारण ठोकून द्या’ असा सल्ला दिला जातो. पुढचा भाग जास्त कामाचा आहे. पानं वीस झाली तेव्हा पोकळ कारणाने काहीच फरक पडला नाही, २४ टक्के ते २४ टक्केच राहिले. खरं कारण, म्हणजे घाई आहे असं सांगितलं तेव्हाच ४२ टक्क्यांपर्यंत मजल गेली. अनोळखी माणसाला आपल्या इमारतीच्या पाण्यापाशी येऊ देणं ही वीस पानांच्या जातीची विनंती आहे. ‘आमची खास योजना चालू आहे’ हे तिथे पोकळ कारण ठरतं. ‘परवा तुमच्या शेजारच्या इमारतीची टाकी धुतली, म्हणून तुम्हाला फोन करतेय’ हे खरं कारण आहे. शेजारच्या इमारतीचं नाव घेण्याआधी मी तिथल्या सेक्रेटरींना विचारते. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात. काही तर म्हणतात, “माझं नाव सांगा, मीच त्यांच्याशी बोलतो.” तसं झालं की तो फोन अनोळखी राहतच नाही.

एक गोष्ट मात्र मी ठरवून टाळली. झाकण नसलेली टाकी दिसली तरी ‘तुमच्या टाकीत घाण आहे’ असं फोनवर म्हणायचं नाही. आपण ती टाकी आतून पाहिलेली नाही. शिवाय पाण्याविषयी भीती घालून मिळवलेलं काम मला नको आहे. ‘आमच्या मुलांना शेजारच्या गच्चीवरून एका टाकीचं झाकण दिसलं नाही, तुमच्या माणसाला एकदा बघायला सांगा’ एवढंच मी सांगते, तेही फोनच्या शेवटी. काम मिळालं नाही तरी तो निरोप त्यांच्या उपयोगाचा असतो.

फोन कोण उचलतं हा पुढचा प्रश्न. दवाखान्यात रिसेप्शनवरची मुलगी, वसतिगृहात गेटवरचे काका, इमारतीत वॉचमन. विक्रीच्या सल्ल्यात या लोकांना ‘ओलांडून’ साहेबांपर्यंत कसं पोचायचं ते शिकवतात. माझ्या मते आमच्यासारख्या कामात हीच सगळ्यात महत्त्वाची माणसं आहेत. टाकी धुवायची असते त्या दिवशी व्हॉल्व्ह कोण बंद करतं? वॉचमन. पाणी कधी येणार म्हणून सगळ्यांचे बोल कोण ऐकतं? तोच. त्यामुळे शेवटची टाकी कधी धुतली ते सेक्रेटरींना आठवत नसलं तरी वॉचमनला आठवतं. एकदा एका वसतिगृहात फोन लागला. गेटवरच्या काकांना मी नाव सांगितलं आणि विचारलं, “काका, टाकी धुतात त्या दिवशी तुमची फार धावपळ होत असेल ना?” ते दहा मिनिटं बोलत होते. आधीची माणसं सकाळी येतो म्हणून दुपारी येतात, गाळ खाली अंगणात सोडून जातात, मुलं संध्याकाळी येईपर्यंत टाकी भरत नाही. मी सगळं लिहून घेतलं. मग त्यांनीच रेक्टरांचं नाव, ते कधी जागेवर असतात ती वेळ आणि “मी सांगितलं म्हणून सांगा” एवढं सगळं दिलं. रेक्टरांना फोन केला तेव्हा मी ‘सेवा’, ‘दर्जा’ वगैरे काही बोलले नाही. ‘सकाळी आठला सुरू करू, गाळ पोत्यांत भरून आम्हीच नेऊ, मुलं परत यायच्या आत टाकी भरायला लागलेली असेल’ एवढंच सांगितलं.

आता पहिल्या काही सेकंदांबद्दल. फोनवरच्या संभाषणाची सुरुवात कशी होते याचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या सुमारे पाचशे फोनांमध्ये फोन उचलणारा आधी बोलतो हा क्रम फक्त एकदा मोडला होता. घंटा ही हाक असते आणि ‘हॅलो’ हा त्या हाकेला दिलेला ओ. त्यानंतर लगेच ऐकणारा एकाच कामाला लागतो: हा आवाज कुणाचा? ते उलगडेपर्यंत पुढचं काहीच त्याच्या कानात नीट शिरत नाही. ‘नमस्कार सर, कसे आहात, दोन मिनिटं वेळ आहे का?’ अशी सुरुवात केली की तो कोडं सोडवतच राहतो, आणि ओळखीचं कुणी नाही हे लक्षात आल्यावर फोन ठेवतो. म्हणून मी ते कोडं ताबडतोब संपवते. “नमस्कार, मी टाकी धुणाऱ्यांकडून बोलतेय. आपली ओळख नाही. परवा तुमच्या शेजारच्या इमारतीत काम केलं, म्हणून फोन केला.” ‘आपली ओळख नाही’ हे म्हणायला सुरुवातीला जड जायचं. पण समोरच्याचा आवाज तिथेच सैल होतो, हे मी पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. त्याला आता आठवायचा प्रयत्न करावा लागत नाही.

व्यवसायाचं नाव मी दुसऱ्या वाक्यापर्यंत घेत नाही, याला एक तांत्रिक कारण आहे. साधा फोन आवाजातल्या साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच लहरी पुढे पाठवतो. ‘स’चा सळसळता भाग बराचसा त्याच्या वर असतो आणि ‘फ’ मुळातच क्षीण असतो. त्यामुळे अनोळखी आवाजात, अनोळखी नाव, त्यात ‘स’ किंवा ‘फ’ असला तर समोरच्याला अर्धवटच ऐकू येतं. एचडी व्हॉइस या नव्या प्रकारच्या कॉलमध्ये ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, पण दोन्ही बाजूंचा फोन आणि नेटवर्क तसं असावं लागतं, आणि इमारतीच्या ऑफिसातला जुना लँडलाइन तसा नसतो. ‘टाकी’ हा शब्द मात्र खणखणीत पोचतो. तेव्हा आधी टाकी, मग आमचं नाव, तेही सावकाश. पंखा बंद, खिडकी बंद, स्पीकरफोन कधीच नाही. या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण ‘काय म्हणालात?’ हा प्रश्न कमी झाल्यावर फोनचा सगळा सूरच बदलला.

गप्प बसणं ही दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त कठीण गेली. २००९ साली भाषेच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी दहा भाषांमधली संभाषणं तपासली. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आपल्या कानाला याचीच सवय असते. त्यामुळे प्रश्नानंतर एक सेकंद शांतता पसरली तरी ती नकारासारखी वाटते आणि फोन करणारा घाबरून बोलायला लागतो. पण मोबाइलवर आवाज जाण्या-येण्यातच काही वेळ जातो, आणि अनोळखी प्रश्नाला माणसाला विचार करावा लागतो. मी प्रश्न विचारून झाला की पेनाचं टोपण उघडते आणि हातातल्या वहीवर टेकवते. लिहायला तयार असलेला हात तोंडाला थांबवतो. बऱ्याचदा त्या शांततेनंतर जे येतं तेच कामाचं असतं: “थांबा हां, आमच्या खजिनदारांना विचारतो.”

तो प्रश्न म्हणजे या लेखाच्या मथळ्यात आहे तोच. ‘टाकी धुऊन घ्यायची आहे का?’ असं विचारलं तर उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं, आणि बहुतेक वेळा नाही येतं. याचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. समजा एखादी इमारत दर सहा महिन्यांनी, म्हणजे २६ आठवड्यांनी टाकी धुते, आणि कुणाला बोलवायचं ते ठरवायला आधीचे दोन आठवडे लागतात. तर कुठल्याही दिवशी यादीतला नंबर लावला असता ती इमारत त्या दोन आठवड्यांत असण्याची शक्यता १३ मध्ये १, म्हणजे आठ टक्क्यांच्याही आत. वर्षातून एकदाच धुणाऱ्यांच्या बाबतीत ही शक्यता याच्याही निम्मी. उरलेले सगळे ‘नको’ म्हणणार, आणि त्यांचं बरोबर असणार. त्यांनी मला नाकारलेलं नसतं, त्यांची वेळ झालेली नसते. सकाळपासून नकार ऐकल्यावर जो थकवा येतो, तो या आकड्यानंतर माझ्यापुरता बराच उतरला. आणि फोनचं उद्दिष्टच बदललं. फोनवरून काम मिळवायचं नाही, तारीख मिळवायची.

“शेवटची टाकी कधी धुतली होती?” याला ‘नाही’ असं उत्तर देता येत नाही. एक तर तारीख कळते, किंवा अंदाज कळतो (“गेल्या पावसाळ्याआधी असेल”), किंवा ‘माहीत नाही’. तिन्ही उपयोगाची. वहीत इमारतीचं नाव, टाक्या, बोललेल्या माणसाचं पद आणि त्यापुढे धुतल्याची तारीख. त्याच्या पुढच्या रकान्यात पुन्हा फोन करायचा आठवडा, त्यांच्या नेहमीच्या तारखेच्या तीन आठवडे आधीचा. फोन ठेवताना मी तेही सांगते: “मग मी अमुक महिन्याच्या सुरुवातीला फोन करते, चालेल?” चालेल म्हणाले की पुढच्या फोनला त्यांची परवानगी मिळालेली असते. तेव्हा मी म्हणते, “तुम्हीच या आठवड्यात फोन करायला सांगितलं होतं.” हे खरं असतं आणि त्यांना आठवतही असतं. आमच्या फोनांतून मिळालेल्या कामांपैकी जास्तीत जास्त कामं या दुसऱ्या फोनवर आली आहेत. पहिल्या फोनवर आलेलं काम बहुधा कुणाचा तरी पंप बंद पडल्याने किंवा पाण्याला वास आल्याने आलेलं असतं.

ज्यांना तारीख माहीत नसते त्यांच्यासाठी आम्ही एक छोटा कागद छापून घेतला. पंपाच्या खोलीत चिकटवायचा, प्लॅस्टिकच्या आवरणातला, वर फक्त रकाने: तारीख, कोणती टाकी, कुणी धुतली, सही. खाली बारीक अक्षरात आमचा नंबर. मी फोनवर विचारते, “असा कागद वॉचमनकडे देऊन ठेवू का? दुसऱ्या कुणाकडून टाकी धुतलीत तरी त्यावर लिहा.” मागणी इतकी लहान आहे की फारसं कुणी नको म्हणत नाही. लहान मागणीला हो म्हटलेला माणूस पुढच्या मोठ्या मागणीला जास्त सहज हो म्हणतो, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली चक्क फोनवरूनच दाखवलं होतं. कॅलिफोर्नियात त्यांनी गृहिणींना फोन करून पाच-सहा माणसं दोन तास घरातल्या सगळ्या वस्तूंची नोंद करायला येतील, चालेल का, असं विचारलं. थेट विचारलं तेव्हा २२ टक्के हो म्हणाल्या. तीन दिवस आधी फोन करून साबणाविषयी काही साधे प्रश्न विचारलेले असतील, तर ५३ टक्के. मला यातला आकड्यापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आणि आमचा कागद खरोखर उपयोगी आहे, म्हणून तो देताना मनात कुठे खुपत नाही. पाण्याची टाकी कधी धुतली हे पंपाच्या खोलीत लिहिलेलं असावं, मग ती आम्ही धुवो किंवा आणखी कुणी.

“आमचा माणूस ठरलेला आहे” हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. त्या माणसाबद्दल एक अक्षर वाईट बोलायचं नाही, हा माझा नियम. मी विचारते, “जमिनीखालची टाकीपण तेच करतात का?” इथे बऱ्याचदा थोडं थांबून उत्तर येतं. गच्चीवरची टाकी धुणारे पुष्कळ असतात, जमिनीखालच्या टाकीत उतरणं वेगळं काम आहे. बंद जागेत प्राणवायू कमी पडू शकतो, वायू साचू शकतो, आणि वर कुणी नसताना एकटा माणूस आत उतरला तर जिवावर बेतू शकतं. दादा आधी झाकणं उघडी ठेवून ब्लोअरने हवा आत सोडतो, आतली हवा मापकाने तपासतो, उतरणाऱ्याला पट्टा आणि दोर बांधतो आणि वर एक माणूस कायम उभा ठेवतो. हे मी फोनवर सांगते तेव्हा माझा आवाज आपोआप बदलतो, कारण ही मुलं रोज सकाळी माझ्यासमोरून कामावर जातात. काही इमारतींनी गच्चीचं काम त्यांच्या जुन्या माणसाकडेच ठेवलं आणि खालची टाकी आम्हाला दिली. मला ते पूर्ण मान्य आहे.

“व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा” हे दुसरं. पूर्वी वाटायचं हा टाळण्याचा प्रकार आहे. काही वेळा असतोही. पण बरेचदा समोरच्याला समितीत दाखवायला काहीतरी हवं असतं. म्हणून मी विचारते, “समितीत कुठला प्रश्न विचारतील?” कुणी म्हणतं किती वेळ पाणी बंद राहील, कुणी म्हणतं औषध काय टाकता. मग त्या एका प्रश्नाचं उत्तर चार ओळींत पाठवते, भलंमोठं माहितीपत्रक नाही. औषधाचं उत्तर तर तयारच ठेवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार क्लोरीन पाण्यात किमान ३० मिनिटं राहिलं पाहिजे आणि त्यानंतरही लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरलं पाहिजे. आम्ही ते टाकी भरल्यावर तपासणीच्या किटने मोजतो आणि सेक्रेटरींना रंग दाखवतो. ज्यांना हे असं मोजता येतं हेच माहीत नव्हतं, त्यांनी पुढच्या वेळी स्वतःहून फोन केला आहे.

वेळेबद्दल ठोकळ नियम मला सापडला नाही. दवाखान्यांना दुपारी दार बंद झाल्यावर लगेच, वसतिगृहांना मुलं बाहेर पडल्यावर, कारखान्यांना सुट्टीच्या आदल्या दिवशी. नोकरी करणाऱ्या सेक्रेटरींना संध्याकाळी, पण जेवणाच्या वेळेच्या आधी. यापलीकडे वहीच सांगते: ज्याने ज्या वेळी फोन उचलला, ती वेळ त्याच्या नावापुढे लिहिलेली असते.

मोजमापाविषयी थोडं सविस्तर, कारण इथे बरेच जण चांगली पद्धत फार लवकर सोडून देतात. ३० फोन केले आणि एकही काम आलं नाही, तर पद्धत फुकट असं वाटतं. संख्याशास्त्रात यासाठी ‘तीनचा नियम’ आहे. शून्य यश मिळालं असेल तर तीनला प्रयत्नांच्या संख्येने भागायचं. ३० फोनांत शून्य म्हणजे खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. म्हणजे शून्य हाती येऊनही पद्धत उत्तम असू शकते! तसंच या आठवड्यात दोन कामं आणि पुढच्या आठवड्यात चार, यावरून नवं वाक्य जास्त चांगलं असं सिद्ध होत नाही. म्हणून मी कामं मोजायच्या ऐवजी टप्पे मोजते: फोन उचलला गेला का, योग्य माणूस भेटला का, तारीख कळली का, टाकी बघायला बोलावलं का, काम मिळालं का. वरच्या टप्प्यांची संख्या मोठी असते, त्यामुळे तिथला बदल लवकर आणि खात्रीने कळतो. उचलले जात नसतील तर नंबर किंवा वेळ बघायची. उचलूनही योग्य माणूस भेटत नसेल तर गेटवरच्या माणसाशी कसं बोलतोय ते. तारखा मिळूनही टाकी बघायला बोलावत नसतील, तर दुसरा फोन वेळेवर जातोय का ते. आमच्याकडे हाच टप्पा गळका निघाला, कारण कामाच्या गर्दीच्या आठवड्यांत तो फोन राहून जायचा. आता सोमवारी सकाळी वहीतल्या त्या आठवड्याच्या तारखांना फोन झाल्याशिवाय नवा नंबर लावायचा नाही, असं दादाने आणि मी ठरवलं आहे.

मधले वार आता बरेचसे भरलेले असतात. जे अजून सुटलेलं नाही ते वेगळंच आहे. इमारतींच्या समित्या बदलतात, वसतिगृहाचे रेक्टर बदलतात, आणि जुन्या माणसाला दिलेला आठवडा नव्या माणसाला माहीत नसतो. त्यासाठी हल्ली मी वहीत व्यक्तीच्या नावाऐवजी पद लिहिते, आणि नवीन माणूस फोनवर आला की पहिल्यापासून सगळं सांगत बसत नाही. “पंपाच्या खोलीत एक कागद लावलेला आहे, तो एकदा बघाल का?” एवढं विचारते आणि त्यांनी बघून सांगेपर्यंत लाइनवर थांबते.